बर्फातील गुप्त उष्णता शोधणारे जोसेफ ब्लॅक



बर्फ व गरम पाणी यांच्या मिश्रणाचे अंतिम तापमान काढण्याचे गणित आमच्या मुलांना नेहमी चकवते. ० अंश सेल्सिअसचा १०० ग्रॅम बर्फ आणि ६० अंशांचे २०० ग्रॅम पाणी दिले की पुष्कळजण ४० असे उत्तर लिहून मोकळे होतात. खरे उत्तर सुमारे १३ आहे. मधली उष्णता कुठे जाते हे ज्यांनी मोजून दाखविले, त्या जोसेफ ब्लॅक यांचा हा अल्प परिचय.

त्यांचा जन्म १७२८ साली फ्रान्समधील बोर्दो शहरी झाला. वडील मद्याचे व्यापारी. शिक्षण बेलफास्ट, ग्लासगो व एडिंबरो येथे, तेही वैद्यकाचे. ज्याला आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो त्या वायूवरील संशोधनाने ते तरुणपणीच प्रसिद्ध झाले. १७५६ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात शिकवू लागले.

त्या काळी विद्वानांची समजूत अशी होती, की वितळण्याच्या टोकाला आलेल्या बर्फाला थोडीशी उष्णता मिळाली की त्याचे पाणी होते. ब्लॅक यांना हे पटेना. तसे असते तर डोंगरावरचे सारे बर्फ एका उन्हात वितळून महापूर आला असता! आपल्या चोपड्यात मासळीच्या खोक्यात घातलेला बर्फ भर उन्हाळ्यातही कितीतरी वेळ टिकतो, तेही याच कारणाने.

मग त्यांनी दोन सारखी काचपात्रे घेतली. एकात ३३ अंश फॅरनहाइटचे थंड पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा बर्फ. (या मापात बर्फ ३२ अंशांना वितळतो.) दोन्ही एका मोठ्या दालनात टांगली. पाणी अर्ध्या तासात ७ अंश चढून ४० वर आले. बर्फाला तेथवर यायला साडेदहा तास लागले, म्हणजे २१ पट वेळ. २१ गुणिले ७ म्हणजे १४७ अंशांइतकी उष्णता आत गेली, पण तापमान वाढले ८ अंशच. उरलेली १३९ नुसती वितळण्यात खर्च झाली.

दुसरा प्रयोग आमच्या गणिताचाच. १९० अंशांच्या पाण्यात त्यांनी जवळजवळ तेवढाच बर्फ टाकला. साध्या सरासरीने ११८ अंश यायला हवे होते, आले ५३. काचेच्या भांड्याने दिलेली उष्णताही त्यांनी हिशेबात धरली. आमची मुले नेमके भांडेच विसरतात! या वेळी आकडा १४३ आला. आजचा १४४ आहे, म्हणजेच दर ग्रॅमला ८० कॅलरी. आम्ही हिंदी माध्यमात तिला गुप्त ऊष्मा म्हणून शिकलो, मराठी पुस्तकांत ती अप्रकट उष्मा झाली.

म्हणून मुलांनो, आधी ८० ने गुणून पाहा. वरच्या गणितात पाणी ३० अंशांचे असते, तर त्याच्याजवळ ६००० कॅलरीच असत्या आणि वितळायला लागतात ८०००. मग ७५ ग्रॅम बर्फ वितळेल, २५ ग्रॅम तसाच राहील आणि तापमान ०.

ग्लासगोत उपकरणे दुरुस्त करणारे जेम्स वॅट त्यांचे मित्र. वाफेच्या इंजिनावर काम करताना वॅट यांना पडलेले कोडे ब्लॅक यांच्या याच विचाराने उलगडले. १७६६ पासून ब्लॅक एडिंबरोत प्राध्यापक होते. शोध ते वर्गात शिकवीत, पण छापायचे मात्र टाळीत. १७९९ च्या डिसेंबरमध्ये ते वारले, तेव्हा मांडीवरच्या पेल्यातील दूधही सांडले नव्हते असे सांगतात. त्यांची व्याख्याने पुस्तकरूपाने आली ती १८०३ मध्ये.