ऑस्वाल्ड कूपर : 'कूपर ब्लॅक' या गुबगुबीत फॉन्टमागचा माणूस

कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट वर्ड असेल तर फॉन्टच्या यादीत 'कूपर ब्लॅक' शोधून बघा. जाड, गोलमटोल, फुगा फुगवावा तशी अक्षरं, आणि एकही टोक टोचणारं नाही. इझीजेट या विमान कंपनीचा नारिंगी लोगो पाहिला असेल तर तो याच फॉन्टमध्ये आहे. अनेकांना हा १९७० च्या दशकातला वाटतो. खरं तर तो १९२२ सालचा आहे, आणि तो काढणारा माणूस स्वभावाने अगदी शांत होता.

ऑस्वाल्ड ब्रूस कूपर यांचा जन्म १८७९ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाला आणि ते वाढले कॅन्सस राज्यातल्या कॉफीव्हिल गावात. शाळा अर्धवट सोडून ते छापखान्यात उमेदवारी करू लागले. मग चित्रकार व्हायचं म्हणून शिकागोला गेले आणि फ्रँक होम यांच्या चित्रशाळेत दाखल झाले. फीचे पैसे उभे करायला खिळे जुळवायचं काम करत. चित्रात मात्र हात काही बसेना. त्याच शाळेत फ्रेडरिक गाउडी अक्षरलेखन शिकवायचे. पुढे हे गाउडी अमेरिकेतले नावाजलेले टाइप डिझायनर झाले. त्यांच्या वर्गात कूपर यांना आपली वाट सापडली.

१९०४ साली त्यांनी फ्रेड बर्ट्श यांच्यासोबत शिकागोत 'बर्ट्श अँड कूपर' हा स्टुडिओ काढला. धंदा बर्ट्श बघायचे, अक्षरं कूपर काढायचे. तेव्हा आजच्यासारखं फॉन्ट डाउनलोड करणं नव्हतं. जाहिरातीचं शीर्षक एकतर छापखान्यात असलेल्या शिशाच्या खिळ्यांत जुळवायचं, नाहीतर कलाकाराकडून हाताने काढून घ्यायचं. कूपर यांनी पॅकार्ड मोटारींच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं इतकी आवडली, की १९१३ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्स कंपनीने त्यावरून 'पॅकार्ड' नावाचा टाइप ओतला. नंतर शिकागोच्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीसाठी त्यांनी १९१९ मध्ये 'कूपर ओल्ड स्टाइल' केला. त्याचाच लठ्ठ भाऊ म्हणजे कूपर ब्लॅक.

आता जरा झूम करून बघा. इंग्रजी अक्षरांच्या पायाशी असणाऱ्या त्या छोट्या पट्ट्या, म्हणजे सेरिफ, इथे गोल आहेत. त्यामुळे अक्षरं ओळीवर ताठ उभी राहत नाहीत, उशीवर बसल्यासारखी टेकतात. एखादं अक्षर किंचित वर-खाली झालं तरी डोळ्याला खुपत नाही. ओ अक्षराच्या आतली पोकळी तर मागे रेललेली आहे. हे सगळं गंमत म्हणून सुचलेलं वाटतं, पण त्यामागे वीसेक वर्षांचा हात आहे. माझ्या मते यातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच: इतकं जाड करूनही अक्षर ढोबळ वाटत नाही.

जुन्या वळणाच्या छापखानेवाल्यांनी या टाइपवर नाकं मुरडली, पण जाहिरातवाल्यांनी तो उचलून धरला. तो असा खपला की बाकीच्या कंपन्यांना स्वतःचा जाडा टाइप काढणं भाग पडलं. मोनोटाइपने १९२५ मध्ये 'गाउडी हेवीफेस' आणला, आणि तो काढायला बसवलं कोणाला? कूपर यांच्याच गुरूला, गाउडींना! कूपर यांना नकलेचा तिटकारा होता. दुसऱ्याचं उचलण्यापेक्षा स्वतःचा हात घडवावा, असं त्यांचं मत होतं. पण कायदा काही त्यांच्या मदतीला येणारा नव्हता. अमेरिकेत आजही अक्षरांच्या आकाराला कॉपीराइट मिळत नाही. फॉन्टची फाइल मात्र सॉफ्टवेअर म्हणून संरक्षित असते, म्हणून टेलिग्रामवर फिरणारी फाइल फुकट मिळाली तरी ती वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही.

कूपर १९४० मध्ये कर्करोगाने गेले. त्यांच्या अक्षरांचा दुसरा सीझन त्यांनी पाहिलाच नाही. १९६० च्या दशकात फोटोटाइपसेटिंग आणि घासून उमटवायची लेट्रासेट अक्षरं आली. शिशाच्या खिळ्यांचं बंधन सुटलं आणि ही गोल अक्षरं एकमेकांना अगदी चिकटून बसवता येऊ लागली. बीच बॉइजच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स' अल्बमचं कव्हर बघा, म्हणजे कळेल. मग इस्त्रीने चिकटवायच्या टी-शर्टवरच्या अक्षरांतही हाच टाइप शिरला.

तुम्हाला वापरायचा असेल तर स्टोरीचं शीर्षक, थंबनेल, लोगो, दोन-चार शब्द, बस्स. अक्षरांमधल्या पोकळ्या लहान आहेत, त्यामुळे बारीक आकारात मोबाइलवर नुसते काळे ठिपके दिसतात. आख्खा परिच्छेद तर यात टाकूच नका. शोकसंदेशही नको.

आणि मराठी मजकुराला कूपर ब्लॅक लावून काही होणार नाही, कारण त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. फोन गुपचूप दुसराच फॉन्ट दाखवतो. असा गुबगुबीतपणा मराठीत हवा असेल तर मुंबईच्या एक टाइपचे 'बालू' आणि 'मोदक' बघा. मोदकात अक्षर इतकं फुगवलंय की आतली पोकळी जेमतेम एका रेघेइतकी उरते. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर ओपन फॉन्ट लायसन्सखाली मोफत मिळतात, म्हणजे तुमच्या दुकानाच्या बोर्डावरही बिनधास्त वापरता येतील.