ताम्रपटांचे पारखी

जुनी वस्तू खरी की बनावट, हे कसे ओळखतात? ती कोठून आली आणि कोणी केली, हे कसे कळते?

जपानमधील जुन्या तलवारींची गोष्ट ऐका. तलवार करणारा कारागीर मुठीत दडलेल्या पात्याच्या भागावर आपले नाव कोरत असे. नामांकित कारागिराच्या तलवारीला मोठी किंमत येई. म्हणून काही लोक साध्या तलवारीवर त्याचे खोटे नाव कोरत. त्यामुळे जाणकार नुसते नाव वाचून थांबत नाहीत. ते पोलादाची ठेवण, धारेजवळची नक्षी आणि मुठीतल्या भागावरचा गंज पाहतात. तो गंज ते कधीच घासून काढत नाहीत, कारण त्यावरून तलवारीचे वय समजते.

आपल्याकडे ताम्रपटांचेही असेच असते. पूर्वी राजे गावे किंवा जमिनी दान देत. ते दान तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. हाच ताम्रपट. ज्याच्याजवळ ताम्रपट, त्याची जमीन! मग लोभापायी काही जण खोटे ताम्रपटही करत. सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाला असाच एक खोटा ताम्रपट आढळला. त्याच्या बळावर एक माणूस एका गावाचे उत्पन्न खात होता. हर्षाने तो ताम्रपट रद्द केला आणि ते गाव दुसऱ्यांना दिले.

अशा लेखांची पारख करण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, ते थोर संशोधक म्हणजे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. त्यांचा जन्म १८९३ साली कोकणातील कुवळे या गावी झाला. संस्कृत हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले. पुढे काही काळ ते अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. कोकणात जन्मलेल्या या माणसाने विदर्भ ही आपली कर्मभूमी मानली.

मिराशी एखादा लेख कसा तपासत? प्रथम ते अक्षरांचे वळण पाहत. दर शतकात अक्षरे थोडी थोडी बदलतात. वाकाटक राजांच्या अनेक ताम्रपटांत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर पेटीसारखा लहान चौकोन असतो. मग ते भाषा तपासत, राजांची नावे दुसऱ्या लेखांशी ताडून पाहत आणि दान दिलेले गाव नकाशावर शोधत. अमरावती जिल्ह्यातील अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडलेल्या ताम्रपटात चर्मांक हे गाव दान दिल्याचे लिहिले आहे. चर्मांक म्हणजेच आजचे चम्मक. दीड हजार वर्षे झाली, तरी गावाचे नाव टिकून राहिले!

१९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होते. १९९८ साली वाशीमचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या ताम्रपटात वाकाटक राजा विंध्यशक्ती याचे दान कोरले होते. त्याच्या वडिलांचे नाव सर्वसेन आणि आजोबांचे नाव प्रवरसेन होते. हे दान वत्सगुल्म या नगरातून दिले होते. वत्सगुल्म म्हणजेच वाशीम.

मिराशींनी या नावांचा विचार केला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा एक शिलालेख आहे. त्याची अक्षरे फार झिजलेली आहेत. आधीच्या विद्वानांनी त्यात प्रवरसेनाच्या मुलाचे नाव रुद्रसेन असे वाचले होते. अनेक वर्षे सर्वांनी तेच खरे मानले. मिराशींनी तो लेख पुन्हा बारकाईने तपासला. ते नाव रुद्रसेन नव्हते, सर्वसेन होते!

एका नावाने एवढा काय फरक पडला? वाकाटकांची एक शाखा नागपूरजवळच्या नंदिवर्धन येथे होती. तिच्याशिवाय दुसरी शाखा वाशीमला राज्य करत होती, हे आता स्पष्ट झाले. अजिंठ्याचे सोळावे लेणे याच शाखेतील हरिषेण राजाच्या वराहदेव या प्रधानाने कोरवले. जगभरातून लोक पाहायला येतात त्या अजिंठ्याचे वऱ्हाडाशी असलेले हे नाते एका नावामुळे पक्के झाले.

त्याच वर्षी मंगरूळ तालुक्यातील तऱ्हाळा गावी सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाण्यांवर एका बाजूला हत्ती आणि राजाचे नाव होते. पण नाणी लहान, म्हणून कित्येकांवर नावाचा अर्धाच भाग उमटला होता. एका नाण्यावर सुरुवात, तर दुसऱ्यावर शेवट. मिराशींनी अशी नाणी शेजारी ठेवून नावे जुळवली. त्यांत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखी पुराणांच्या यादीत नसलेली नावे मिळाली. विजय सातकर्णीचे नाव पुराणांत होते. तो खरोखर होऊन गेला, याला नाण्यांचा पुरावा मिळाला.

१९६३ साली वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९७५ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. १९८५ साली नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

मुलांनो, शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना जुनी नाणी, तांब्याचे पत्रे आजही सापडू शकतात. तुम्हांला असे काही मिळाले, तर ते घासू नका, वितळवू नका, विकू नका. शिक्षकांना दाखवा आणि तहसील कचेरीत कळवा. मोगल काळातील नाण्यांवर फारसी मजकूर असतो. तुम्ही उर्दू वाचता, म्हणून त्यातील पुष्कळ अक्षरे तुम्हांला ओळखता येतील. पण वाचण्याची घाई करू नका. मिराशींप्रमाणे पुन्हा पाहा, ताडून पाहा आणि मगच सांगा.