अलिबागला राहिलेल्या आनंदीबाई: बाईच्या आजारपणासाठी सातासमुद्रापार गेलेली मुलगी

पेण : आपल्याकडे बाईचं दुखणं म्हणजे अंगावर काढायची गोष्ट. पांढरं जातंय, पाळीला पोटात मरणाचं दुखतंय, बाळंतपणानंतर ताप उतरत नाही, तरी ती लावणी-कापणी उरकते आणि मगच कुणाला तरी सांगते. सांगितलं तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो, दवाखान्यात बाई डॉक्टर आहे का? पेण आणि रोह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर तर त्याआधी गाडी रस्ता कुठपर्यंत येते तेच बघावं लागतं. दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका मुलीला पडला होता. ती काही काळ आपल्याच जिल्ह्यात, अलिबागला राहत होती.

तिचं माहेरचं नाव यमुना. जन्म 31 मार्च 1865 चा, वाढली कल्याणला. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात कारकून, बिजवर आणि वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठा. सासरी ती आनंदी झाली. गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या, त्यातली एक अलिबागला. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा, आणि पेणहून अलिबागला जायचं तर धरमतरची खाडी होडीने ओलांडावी लागे.

गोपाळरावांना बायकोला शिकवायचं वेड होतं. त्या काळात बायका पुस्तक हातात धरत नसत, त्यामुळे लोक हसायचे, नावं ठेवायचे. पण गोपाळरावांचा खरा स्वभावही सांगितला पाहिजे. अभ्यास झाला नाही की ते लहानग्या आनंदीला मारत. पुढे अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी हे स्पष्टपणे मांडलं. आजकाल त्यांच्यावरच्या गोड-गोड पोस्ट फिरतात, त्यात हा भाग गाळलेला असतो.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळालेच नाहीत. इथून त्यांनी मनाशी ठरवलं की डॉक्टर व्हायचं. त्या वेळी बाळंतपण सुईणीच्या हाती, आणि गुंतागुंत झाली की डॉक्टर बहुतेक पुरुषच. त्याला घरात घ्यायला घरचे तयार नसत आणि बाईला त्याच्यापुढे तोंड उघडायची लाज वाटे. दुखणं साधं असलं तरी जीव जाई तो यामुळे.

गोपाळरावांनी मदतीसाठी अमेरिकेतल्या मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला होता. तो तिथल्या एका मासिकात छापून आला. न्यू जर्सीमधल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई 1880 मध्ये दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या, तिथे त्यांनी तो सहज वाचला. ओळख ना पाळख, पण त्यांनी पत्र लिहिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या, आणि ही मावशी शेवटपर्यंत मावशीसारखीच वागली.

समुद्र ओलांडला की जात बुडाली असं मानण्याचा तो काळ. 24 फेब्रुवारी 1883 ला बंगालमधल्या श्रीरामपूर इथे आनंदीबाईंनी भर सभेत भाषण करून आपण का जातोय ते सांगितलं: इथल्या बायका पुरुष डॉक्टरला आजार सांगत नाहीत, म्हणून बाई डॉक्टर हवी. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही बजावलं. एप्रिलमध्ये नवऱ्याशिवाय त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. वय वर्षं अठरा.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तीन वर्षं काढली. कडक थंडी, अंगावर लुगडं, जेवण शाकाहारी. तब्येत तिथेच ढासळायला लागली. तरी अभ्यास सोडला नाही. प्रबंधासाठी विषय घेतला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा, म्हणजे ज्या दुःखातून निघाल्या तोच. जपानच्या आणि सीरियाच्या विद्यार्थिनींसोबतचा त्यांचा 1885 चा फोटो तुमच्या मोबाईलवर कधी ना कधी आला असेल. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. 11 मार्च 1886 ला त्या डॉक्टर झाल्या. पदवीदान बघायला पंडिता रमाबाई गेल्या होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात बायकांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ झाली होती. पण 1886 च्या अखेरीस त्या मायदेशी आल्या त्या क्षयाने खंगलेल्या. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरला रुजू होणं राहूनच गेलं, एकही बाई त्यांच्या हाताने तपासली गेली नाही.

त्याच 1886 साली मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं, तिथे एडिथ पीची या इंग्रज बाई डॉक्टर होत्या. पुढे रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं बायका तपासल्या. आज क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, गरोदर बाईसाठी 102 ला आणि तातडीला 108 ला फोन लागतो, गावात आशाताई आहे. वाडीवरून मात्र अजूनही कधी कधी झोळी करूनच खाली आणावं लागतं.

आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, मावशींच्या घरच्यांच्या जागेत, त्या आजही आहेत.