मोल्सवर्थ आणि त्यांची क्रियापदं

मी स्वोर्ड्सला राहतो. डब्लिनचा विमानतळ आमच्यापासून अगदी जवळ आहे. इथे नवीन आलो तेव्हा ऑफिसातला एक आयरिश सहकारी मला गाडीने विमानतळावर पोचवणार होता. ते सांगताना त्याने ‘ब्रिंग’ हे क्रियापद वापरलं आणि मी गोंधळलो. आमच्या मराठी शाळेत पाचवीला इंग्रजी सुरू झालं, तेव्हा आम्ही पाठ केलं होतं: ब्रिंग म्हणजे आणणे, टेक म्हणजे नेणे. मग हा मला विमानतळावर ‘आणणार’ कसा? हा काय आधीच तिथे जाऊन बसणार आहे? नंतर कळलं की आयर्लंडमध्ये असंच बोलतात. इंग्लंडचे लोक जिथे टेक म्हणतील, तिथे इथे बऱ्याचदा ब्रिंग येतं. गंमत म्हणजे अशा वेळी आपण मराठीत आणतो किंवा नेतो म्हणण्यापेक्षा सरळ म्हणतो, ‘चल, तुला विमानतळावर सोडतो.’

तुमचं उलट होतं, हो ना? से, टेल, स्पीक, टॉक यांतला फरक तुम्हाला कोणी शिकवावा लागला नाही. मी मात्र पहिल्या नोकरीतसुद्धा ‘आय सेड हिम’ असं लिहीत होतो. पण मराठी बोलताना तुम्ही अडता. काच ‘तोडली’ म्हटलं की आजी हसते. काच फोडतात, काडी मोडतात आणि दोरा तोडतात. इंग्रजीत तिन्हींना एकच ब्रेक पुरतो, म्हणून तुमची चूक होते. तुम्हाला मराठी येत नाही असा त्याचा अर्थ नाही.

याच अडचणीवर एका माणसाने आयुष्यातली कितीतरी वर्षं काम केलं. त्यांचं नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ. हे आडनाव स्वोर्ड्सला नवीन नाही. १७१६ साली इथल्या ब्रॅकन्सटाउनच्या रॉबर्ट मोल्सवर्थ यांना ‘व्हायकाउंट मोल्सवर्थ ऑफ स्वोर्ड्स’ हा किताब मिळाला होता. डब्लिन शहरात मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, तुम्ही तिथून कधी गेलाही असाल. आपले मोल्सवर्थ त्याच आडनावाचे, पण मराठी माणूस त्यांना ओळखतो तो त्यांच्या शब्दकोशामुळे.

त्यांचा जन्म १७९५ सालचा. वयाच्या सोळाव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेत भरती झाले. सोळाव्या वर्षी! म्हणजे तुमच्यातल्या काहींपेक्षा थोडेच मोठे. १८१८ साली पेशवाई संपली आणि महाराष्ट्राचा मोठा भाग कंपनीच्या ताब्यात गेला. कारभार चालवायचा तर लोकांची भाषा यायला हवी होती. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८१० साली मराठीचा कोश छापला होता. १८२४ साली व्हान्स केनेडी यांचाही कोश आला. पण हे कोश लहान होते. मग मुंबई सरकारने मोठ्या कोशाचं काम मोल्सवर्थ यांच्याकडे दिलं. मदतीला जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ होते, आणि मराठी शास्त्री होते. या शास्त्र्यांची नावं आज फार थोड्यांना माहीत आहेत. मला हे बरोबर वाटत नाही, कारण कुठला शब्द कुठे शोभतो हे त्यांनाच पक्कं ठाऊक होतं.

हा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. केवळ पोथ्यांतले शब्द घेऊन ते थांबले नाहीत. कोकणातले, देशावरचे, शेतातले, स्वयंपाकघरातले शब्द त्यांनी घेतले, म्हणी आणि वाक्प्रचारही घेतले. शब्द संस्कृतातून आला की फारसीतून, हेही खुणेने दाखवलं.

नामांचं काम त्या मानाने सोपं असतं. दगड म्हणजे स्टोन, झालं. पण ‘लागणे’ घ्या. मला भूक लागते. पायाला ठेच लागते. तिकिटाला पैसे लागतात. वाईट सवय लागते. रस्त्यात आधी शाळा लागते, मग दुकान लागतं. आता यातलं प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगून बघा. दर वेळी वेगळं क्रियापद येतं, की नाही? म्हणून कोश करणाऱ्याला एका शब्दापुढे एक शब्द लिहून सुटता येत नाही.

मराठी-इंग्रजी झाल्यावर मोल्सवर्थ यांनी उलटा कोश हाती घेतला, इंग्रजीतून मराठीत. म्हणजे तुमची रोजची वाट! वेअर या एका क्रियापदासाठी मराठीत काय काय लागतं बघा: सदरा घालतात, साडी नेसतात, फेटा बांधतात, कुंकू लावतात, गजरा माळतात. साडी ‘घातली’ म्हटलं तरी लोकांना कळतं, पण कान लगेच टवकारतात.

हे काम अर्धं असतानाच त्यांची तब्येत ढासळली. १८३६ साली त्यांना इंग्लंडला परतावं लागलं. राहिलेलं काम थॉमस कँडी यांनी पूर्ण केलं आणि १८४७ साली तो कोश छापून निघाला. (स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हं मराठीत रुळली, त्यातही याच कँडींचा मोठा वाटा आहे. प्रश्नचिन्ह विसरलात तर त्यांची आठवण काढा.)

मोल्सवर्थ यांना मात्र आपला पहिला कोश अपुरा वाटत होता. १८५१ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, ते पुन्हा भारतात आले. तेव्हाचा प्रवास म्हणजे लांबचा, बोटीतून, आणि तब्येत तर आधीच बिघडलेली. सहा वर्षांनी, १८५७ साली दुसरी आवृत्ती निघाली. शब्द झाले सुमारे ६०,०००. मग ते कायमचे इंग्लंडला गेले आणि १८७१ साली तिथेच वारले. १९७५ साली पुण्यात हा कोश पुन्हा छापला गेला. आजही जुन्या शब्दावरून घरात वाद झाला, की कोणीतरी म्हणतंच, मोल्सवर्थमध्ये बघ.

तुम्हीही बघा. शिकागो विद्यापीठाने तो कोश इंटरनेटवर ठेवला आहे, पैसे पडत नाहीत. एक गोष्ट लक्षात ठेवा: त्या काळी ‘फोडणे’ असं न लिहिता ‘फोडणें’ असं लिहीत. म्हणून शोधताना शेवटी अनुस्वार द्या, नाहीतर शब्द सापडेलच असं नाही. आधी ‘फोडणें’ शोधा, मग ‘मोडणें’, मग ‘तोडणें’. पहिला अर्थ वाचून थांबू नका, खालपर्यंत वाचा. आणि मग आजीला विचारा, नारळ फोडतात तर ऊस काय करतात?