नियम डेल यांचा, हट्ट इतरांचा

राय नावाच्या धान्याच्या कणसावर ओलसर हवेत एक काळपट बुरशी धरते. तिचे नाव अरगट. युरोपातल्या सुईणी बाळंतपणात ती वापरीत आणि तिचे पीठ पोटात गेले की गावेच्या गावे आजारी पडत. मेंदूच्या कारभाराचा एक मोठा शोध या बुरशीपासून सुरू झाला, असे सांगितले तर चटकन खरे वाटणार नाही.

हेन्री डेल यांचा जन्म १८७५ सालचा, लंडनमधला. केंब्रिजचे शिक्षण झाल्यावर १९०४ मध्ये ते वेलकम या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. अरगटकडे लक्ष घालावे, ही सूचना खुद्द मालकांची. डेल यांना त्यात फारशी गोडी नव्हती. पण याच बुरशीच्या अर्कात त्यांना अॅसिटिलकोलिन सापडले. मज्जातंतू छेडल्यावर हृदय जसे मंदावते, तसेच ते या द्रव्याने मंदावत असे. १९१४ साली त्यांनी हे साम्य मांडले. पुढे १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवून दिले, की मज्जातंतू रसायनातून निरोप धाडतात.

१९३३ मध्ये ज्यू असल्यामुळे बर्लिनमधून काढलेल्या विल्हेल्म फेल्डबर्ग यांना डेल यांनी आपल्या प्रयोगशाळेत आसरा दिला. त्यांनी सोबत एक युक्ती आणली. जळवेचा स्नायू अॅसिटिलकोलिनच्या अतिसूक्ष्म अंशानेही आकसतो! या साध्या साधनाने मोठे पुरावे हाती आले आणि १९३६ चे नोबेल पारितोषिक डेल आणि लोवी यांना विभागून मिळाले.

मेंदूत मात्र विजेचेच राज्य आहे, असे जॉन एकल्स यांचे ठाम मत होते. डेल यांच्याशी त्यांचे वर्षानुवर्षे कडाक्याचे वाद झाले, पण स्नेह तुटला नाही. १९५१ मध्ये स्वतःच्याच प्रयोगाने एकल्स यांचे मत पालटले. ते नुसते पालटले नाहीत, तर डेल यांच्या एका जुन्या विचाराला त्यांनी नियमाचा मान दिला.

तो विचार १९३४ च्या एका व्याख्यानातला. मज्जापेशीच्या एका टोकाला जे रसायन सापडेल, त्यावरून दुसऱ्या टोकाचाही अंदाज बांधता येईल, एवढेच डेल यांनी सुचवले होते. पाठ्यपुस्तकांत त्याचे झाले ‘एक पेशी, एक रसायन’. म्हणजे काही पेशी चाबूक मारणाऱ्या, काही लगाम खेचणाऱ्या. एका हाती दोन्ही नाहीत.

१९७६ मध्ये जेफ्री बर्नस्टॉक यांनी या समजुतीवर प्रश्नचिन्ह लावले. आणि २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांना मेंदूच्या खोल भागात असे तंतू आढळले, जे चेतवणारे ग्लुटामेट आणि आवरणारे गाबा ही दोन्ही द्रव्ये एकदमच सोडतात. टांगेवाला एकच, चाबूकही त्याचा आणि लगामही त्याचाच! हे तंतू जातात हॅबेन्युला या चिमुकल्या केंद्राकडे. अपेक्षाभंग झाला की हे केंद्र जागे होते. औदासीन्याकडे झुकणाऱ्या उंदरांत गाबाचा वाटा कमी भरला, आणि उदासीवरच्या औषधाने तो वाढला. हे प्रयोग प्राण्यांवरचे. माणसाच्या उदासीचे सारे कोडे त्यातून सुटले असे नाही. तरीही घरात महिनोन् महिने गप्प बसून राहणाऱ्या माणसाला ‘मन घट्ट कर’ म्हणण्याआधी आपण क्षणभर थांबावे, इतके तर हा शोध शिकवतोच. लगाम सैल होणे हा स्वभावाचा दोष नसेलही.

डेल १९६८ मध्ये, वयाच्या त्र्याण्णव्या वर्षी, केंब्रिज येथे निवर्तले. पेशीत एकच रसायन असते, असे ते कधी म्हणाले नव्हते. त्यांनी जपून टाकलेल्या पावलाची इतरांनी भिंत बांधली. ती पाडायला मात्र पुन्हा त्यांच्याच वाटेने जावे लागले. आधी प्रयोग, मग मत!