आपणच आपला पंच

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अटलांटा नावाचे शहर आहे. तेथे १७ मार्च १९०२ रोजी रॉबर्ट टायर जोन्स यांचा जन्म झाला. पुढे सारे जग त्यांना बॉबी जोन्स या नावाने ओळखू लागले. लहानपणी बॉबीची प्रकृती इतकी नाजूक होती, की साधे अन्नही त्याला पचत नसे. त्याला मोकळी हवा मिळावी म्हणून त्याचे आईवडील उन्हाळ्यात शहराबाहेर, ईस्ट लेक येथील गोल्फच्या मैदानालगत राहू लागले. तेथे स्ट्युअर्ट मेडन नावाचे एक स्कॉटिश खेळाडू गोल्फ शिकवीत असत. बॉबीने त्यांच्यापाशी रीतसर धडे असे कधी घेतले नाहीत. तो त्यांच्या मागोमाग मैदानात हिंडे, त्यांचा फटका डोळ्यांत साठवी आणि घरी येऊन हुबेहूब तसाच मारून पाही. १९१६ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, तो राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरला आणि वयाने कितीतरी मोठ्या अशा दोन खेळाडूंना त्याने हरविले.

गोल्फ हा खेळ आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा नाही. विस्तीर्ण मैदानात अठरा ठिकाणी सव्वाचार इंच व्यासाचे खळगे केलेले असतात. निरनिराळ्या काठ्यांनी चेंडू टोलवीत तो क्रमाक्रमाने या खळग्यांत घालावयाचा. ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो विजयी. प्रत्येक खळग्याभोवतीचे गवत अगदी बारीक कापून गालिच्यासारखे केलेले असते. या हिरवळीवर मात्र शक्तीचा उपयोग नाही. तेथे चेंडू हलकेच ढकलावयाचा असतो आणि या फटक्याला ‘पट’ म्हणतात. भूमीचा उतार कोणीकडे आहे, गवत कोणत्या अंगास झुकले आहे, वारा किती आहे, हे सारे खेळाडू खाली वाकून न्याहाळतो. त्या वेळी इतरांनी निश्चल उभे राहावे, बोलू नये, चेंडूच्या वाटेवर पाऊल टाकू नये, आपली सावलीही तेथे पडू देऊ नये, असा शिष्टाचार आहे. दोनशे यार्डांचा टोला आणि दोन फुटांचा पट, दोहोंची किंमत एकच फटका! शिवाय या खेळात प्रत्येक खेळाडूच्या मागे पंच हिंडत नसतो. आपल्या हातून नियमभंग झाला, तर तो ज्याचा त्यानेच सांगावयाचा असतो.

अशा शांत खेळाला बॉबीचा स्वभाव मुळीच साजेसा नव्हता. फटका चुकला की त्याच्या रागाचा पारा चढे आणि हातातील काठी दूर भिरकावली जाई. १९२१ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या माहेरघरी तो प्रथमच खेळावयास गेला. तिसऱ्या फेरीत खेळ बिघडताच त्याने अकराव्या खळग्यापाशी चेंडू उचलला आणि स्पर्धा अर्धवट सोडली. त्याच वर्षी अमेरिकेत त्याने रागाने फेकलेली काठी उसळून प्रेक्षकांतील एका स्त्रीच्या पायाला लागली. तेव्हा गोल्फ संघटनेच्या अध्यक्षांनी त्याला स्पष्ट कळविले, की राग आवरता येत नसेल तर आमच्या स्पर्धांत खेळता येणार नाही. हे शब्द तरुण बॉबीच्या जिव्हारी लागले. पुढे स्वतःला आवरण्याचे जे शिक्षण त्यांनी घेतले, ते त्यांना खेळापेक्षाही अवघड गेले असावे. १९२३ साली त्यांनी अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते.

दोन वर्षांनी हीच स्पर्धा वूस्टर येथे भरली. पहिल्या फेरीत जोन्स यांचा चेंडू उंच गवतात पडला होता. फटक्यासाठी त्यांनी काठी जवळ नेली, तोच चेंडू किंचित हलला. हे दुसऱ्या कोणीही पाहिले नाही. अधिकाऱ्यांनी विचारपूस केली. पण साक्षीदार मिळेना, म्हणून निर्णय जोन्स यांच्यावरच सोपविण्यात आला. त्यांनी आपल्या नावे दंडाचा एक फटका मांडावयास लावला. चार फेऱ्यांअखेर ते आणि विली मॅकफर्लेन बरोबरीत राहिले. तो एक फटका नसता, तर स्पर्धा तेथेच जोन्स यांनी जिंकली असती. छत्तीस खळग्यांचा जादा सामना झाला आणि त्यात एका फटक्याने जोन्स यांची हार झाली. या प्रामाणिकपणाबद्दल लोक वाखाणणी करू लागले, तेव्हा जोन्स यांना ती रुचली नाही. नियम पाळण्यात विशेष ते काय, हेच त्यांना उमजेना.

एकदा असे वागणे सोपे असेल. परंतु त्याची किंमत मोजून झाल्यावर पुन्हा तसेच वागणे कठीण. तो प्रसंगही लवकरच आला. १९२६ साली खुली स्पर्धा ओहायो राज्यातील स्किओटो येथे होती. दुसऱ्या फेरीत पंधराव्या हिरवळीवर जोराचा वारा सुटला होता. जोन्स यांनी नेम धरण्यासाठी काठी चेंडूमागे टेकविली आणि चेंडू अर्धा वेढा फिरला. याही वेळी ते इतर कोणाला दिसले नाही. जोन्स यांनी पुन्हा स्वतःला दंड करून घेतला. त्या फेरीत त्यांना तब्बल ७९ फटके लागले. (२०१९ सालापासूनच्या नियमांप्रमाणे हिरवळीवर चेंडू असा नकळत हलल्यास दंड होत नाही, त्या काळी मात्र होत असे.) तथापि उरलेल्या दोन फेऱ्यांत त्यांनी मोठ्या धीराने खेळ सावरला. शेवटी त्यांचे २९३ फटके झाले आणि जो टर्नेसा यांचे २९४.

१९२७ साली सेंट अँड्र्यूज येथेच त्यांनी ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकली आणि विजयाचा चषक तेथील क्लबाकडेच ठेवावा, अशी विनंती केली. १९३० साली तर ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांतील खुल्या आणि हौशी अशा चारही स्पर्धा त्यांनी एकाच वर्षी जिंकल्या. त्याच वर्षी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी स्पर्धांचा निरोप घेतला. स्पर्धांतून त्यांनी कधी पैसा घेतला नाही. उपजीविकेसाठी ते वकिली करीत. ऑगस्टा येथे त्यांनी एक सुंदर मैदान उभारले आणि १९३४ पासून तेथे मास्टर्स स्पर्धा भरू लागली.

उत्तरायुष्यात मज्जारज्जूच्या असाध्य विकाराने त्यांना गाठले. १९४८ नंतर त्यांना खेळता आले नाही. आधी काठ्या आल्या, मग चाकांची खुर्ची. १९५८ साली ते पुन्हा सेंट अँड्र्यूजला गेले, तेव्हा त्या नगराने त्यांना मानाचे नागरिकत्व दिले. यापूर्वी हा मान मिळालेले अमेरिकन एकच होते, ते म्हणजे १७५९ सालचे बेंजामिन फ्रँकलिन. ज्या मैदानातून एकेकाळी ते रागाने निघून गेले होते, त्याच मैदानाच्या दहाव्या खळग्याला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. १८ डिसेंबर १९७१ रोजी अटलांटा येथे त्यांचे निधन झाले.