पोंतियस पिलात : यहुदियाचा रोमन सुभेदार

मिस्साबलिदानात श्रद्धेचा अंगीकार करताना प्रभू येशू आणि पवित्र मरिया माता यांच्याखेरीज आणखी एकाच मनुष्याचे नाव आपल्या ओठी येते. ते आहे पोंतियस पिलात या रोमन सुभेदाराचे. हात धुणारा न्यायाधीश एवढीच त्याची ओळख आपल्याला असते. परंतु यहुदी प्रजेशी त्याचे संबंध कसे होते हे जाणून घेतल्याशिवाय शुभशुक्रवारच्या त्या न्यायनिवाड्याचा उलगडा होत नाही.

इ. स. ६ मध्ये हेरोदपुत्र अर्खेलाऊस याला पदच्युत करून रोमने यहुदिया प्रांत आपल्या थेट अमलाखाली घेतला. महायाजकाला नेमणे वा काढणे सुभेदाराच्या हाती गेले. इतकेच नव्हे, तर सणांच्या वेळी महायाजकाने परिधान करावयाची पवित्र वस्त्रेदेखील रोमन किल्ल्यात कुलूपबंद राहू लागली. परकी सत्ता देवघरापर्यंत पोहोचली होती, ती अशी.

सम्राट तिबेरियस याच्या कारकिर्दीत, सुमारे इ. स. २६ मध्ये, पिलात सुभेदार झाला. त्याचे ठाणे समुद्रकाठी कैसरियात होते. सम्राटाच्या प्रतिमा असलेली सैन्याची निशाणे त्याने रातोरात जेरुसलेममध्ये आणविली. मूर्ती निषिद्ध मानणारे यहुदी लोक तडक कैसरियाला निघाले. नागपूरहून पायी निघून कारंजा (घाडगे) ओलांडून पुढे जावे, इतकी ती वाट. पाच दिवस त्यांनी विनवणी केली. सहाव्या दिवशी पिलाताने सैनिकांचा वेढा घालून ठार मारण्याची धमकी दिली, तेव्हा त्यांनी जमिनीवर पडून आपल्या माना पुढे केल्या. पिलात चकित झाला आणि निशाणे परत नेण्यात आली. यहुदी इतिहासकार योसेफस याने ही हकिकत नोंदविली आहे.

पुढे जेरुसलेमला पाणी आणण्यासाठी त्याने मंदिराच्या पवित्र निधीला हात घातला. काम लोकोपयोगी होते, यात शंका नाही. पण पैसा देवाचा होता. लोक गोळा झाले तेव्हा साध्या वेषातील सैनिकांनी सोटे चालविले व अनेक जण मृत्युमुखी पडले. यज्ञ करणाऱ्या गालीलकरांच्या हत्येचा उल्लेख तर संत लूकच्या शुभवर्तमानात आहेच.

असा हा मनुष्य प्रभू येशूला दोषी ठरविताना मात्र कचरतो. त्यात दयेचा अंश किती आणि महायाजकांवर कुरघोडी करण्याची हौस किती, हे सांगणे अवघड आहे. क्रूस ही रोमन शिक्षा होती व अखेरचा हुकूम पिलाताचाच होता, हे विसरता कामा नये. प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले. त्यापूर्वी कित्येक शतके ख्रिस्ती लोकांनीच तो दोष लादला होता.

इ. स. ३६ च्या सुमारास गरिज्जीम डोंगराकडे निघालेल्या शोमरोनी जमावावर पिलाताने सैन्य घातले. तक्रार सिरियाचा अधिपती वितेल्लियस याच्याकडे गेली. त्याने पिलाताला जाब देण्यासाठी रोमला धाडले, कयफाला महायाजकपदावरून दूर केले आणि ती पवित्र वस्त्रे यहुद्यांच्या स्वाधीन केली. पिलात रोमला पोहोचण्यापूर्वीच, मार्च ३७ मध्ये, तिबेरियस मरण पावला. पुढे पिलाताचे काय झाले याविषयी दंतकथाच अधिक आहेत.

१९६१ मध्ये कैसरिया येथील उत्खननात त्याचे नाव व हुद्दा कोरलेली एक शिळा सापडली. सम्राटाच्या गौरवार्थ त्याने ती बसविली होती. पुढील पिढ्यांनी ती नाट्यगृहाच्या पायरीसाठी वापरली.